एका चाकूचा नेम

आषाढी एकादशी जवळ आली की आपल्या घरोघरी नेमांची बोलणी सुरू होतात. कोणी चार महिने कांदा-लसूण वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो, कोणी ताट बाजूस ठेवून पानावर जेवतो, तर कोणी पोथीचा एक अध्याय वाचल्यावाचून अन्नास शिवत नाही. या नेमांच्या पाठीशी धर्मभावना तर आहेच. परंतु तिच्याबरोबर एक जुने व्यवहारी शहाणपणही आहे. एखाद्या वस्तूची खरी ओळख व्हावयाची असेल तर काही काळ तिच्यावाचून राहून पाहावे, अथवा काही काळ तिच्याच एकटीच्या सोबतीने राहून पाहावे, हे ते शहाणपण होय.

आज ज्या नेमाविषयी मी बोलणार आहे तो मात्र कोणत्याही पोथीत सांगितलेला नाही. तो असा : काही महिने खिशात एकच चाकू बाळगावयाचा, घरात दुसरे असले तरी त्यांना हात लावावयाचा नाही, आणि जे काही कापावयाचे, सोलावयाचे अथवा तासावयाचे ते त्याच एका पात्याने. घडीचे चाकू हौसेने जमविणारी मंडळी युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत, आपल्याकडेही थोडीफार आहेत. पेटीत वीस-पंचवीस चाकू, आणि रोज सकाळी कपडे करताना 'आज कोणता घ्यावा?' हा विचार, अशी त्यांची स्थिती असते. त्यांतीलच काही जण कंटाळून म्हणा अथवा कुतूहलाने म्हणा, असा नेम धरतात. ऐकणारास हे रिकामपणाचे उद्योग वाटतील. परंतु गंमत अशी की, आज जे व्रत म्हणून करावे लागते तीच गोष्ट शेकडो वर्षे सामान्य मनुष्याची साधी रीत होती. त्याच्यापाशी एकच चाकू असे. तो त्याला कसा मिळाला, त्याने त्याला काय शिकविले, आणि तो त्याच्या खिशातून केव्हा व का नाहीसा झाला, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

पाते मुठीत मिटवून ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट या मिठाच्या खाणींच्या गावी हाडाच्या मुठीचा एक घडीचा चाकू सापडला असून तो इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० या काळातला मानतात. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. उघडे पाते कमरेस लावावयाचे तर त्याला म्यान हवे. म्यान नसेल तर वस्त्र फाटावयाचे अथवा मांडी कापावयाची. पाते आपल्याच मुठीत शिरले की म्यानाचे काम मूठच करते. रोमन लोकांनी असे घडीचे चाकू पुष्कळ वापरले. केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात त्या काळची एक चमत्कारिक वस्तू ठेवलेली आहे. ती चांदीची असून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली आहे. तिच्यात चमचा आहे, काटा आहे, लोखंडी पाते आहे, टोकदार सळई आहे, आणि सर्व काही मिटवून एका मुठीत बसते.

या दोन वस्तू आपण ध्यानात ठेवू. हॉलस्टाटच्या चाकूत एक पाते आणि एक मूठ एवढाच संसार आहे. रोमन धनिकाच्या चांदीच्या चाकूत सारे स्वयंपाकघर कोंबलेले आहे. थोडक्यात भागवावे ही एक इच्छा, आणि काही उणे पडू नये ही दुसरी. खिशातल्या चाकूचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन इच्छांची ओढाताण होय.

मध्ययुगीन युरोपात पंक्तीला बसणाऱ्या पाहुण्यापुढे यजमान आजच्यासारखे सुरीकाटे मांडीत नसे. ज्याने त्याने आपला चाकू आपल्याबरोबर आणावयाचा, त्यानेच मांस कापावयाचे, पावाचा तुकडा तोडावयाचा, आणि पुसून पुन्हा कमरेस लावावयाचा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसर याने 'कँटरबरी टेल्स'मध्ये ट्रम्पिंग्टनचा एक गिरणीवाला रंगविला आहे. त्या गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला असे, असे कवी आवर्जून सांगतो. एवढ्या एका उल्लेखावरून दोन गोष्टी कळतात. पहिली ही की, साध्या गिरणीवाल्यापाशीही स्वतःचा म्हणून एक चाकू असे. दुसरी ही की, उत्तर इंग्लंडातील त्या डोंगराळ गावाचे नाव त्या वेळी, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी सव्वादोनशे वर्षे, चाकूसाठी प्रसिद्ध होऊन चुकले होते.

शेफील्डला निसर्गाचे वरदान होते. खळाळत्या ओढ्यांवर सहाणेची चाके फिरत, डोंगरातून सहाणेचा दगड मिळे, आणि जंगलातून कोळसा. १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकू-कात्र्या करणाऱ्यांची पंचायत स्थापन झाली. तिची परंपरा आजही चालू आहे. पुढे १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळविण्याची रीत काढली. घड्याळाच्या कमानीसाठी त्याला एकजिनसी पोलाद हवे होते; परंतु त्याचा लाभ चाकूलाही झाला. घडीच्या चाकूत पाठीमागून एक पोलादी कमान बसविलेली असते. पाते उघडले की ती कमान त्याच्या बुडाशी दाबून बसते व पात्याला उघडे धरून ठेवते. मिटताना बोटांनी जोर केला की ती उचलली जाते आणि पाते 'टक्' करून मुठीत शिरते. हा 'टक्' आवाज ज्याने लहानपणी ऐकला तो जन्मभर विसरत नाही. कमान चांगली तर चाकू चांगला. म्हणून एकजिनसी पोलादाचे महत्त्व.

अशा रीतीने चाकू चांगला झाला आणि स्वस्तही झाला. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या 'टॉम सॉयर' या कादंबरीत टॉमला बायबलातील वचने पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंट किमतीचा एक 'बार्लो' चाकू बक्षीस मिळतो आणि त्या पोराच्या अंगात आनंदाची शिरशिरी उठते. तो चाकू काही कापीत नव्हता, तरी तो अस्सल बार्लो होता, अशी लेखकाने थट्टाही केली आहे. वस्तू मिळण्याचा आनंद आणि वस्तू कामाला येण्याचा आनंद हे दोन वेगळे असतात. ही थट्टा आजच्या शौकिनांनाही लागू पडते.

चाकूचा एक प्रकार मात्र खाण्यापिण्यासाठी जन्मास आला नाही. तो लेखणीसाठी जन्मास आला. इंग्रजीत लहान घडीच्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात, त्याचे कारण हंसाच्या पिसाची लेखणी त्याने तासावी लागे. आपल्या दप्तरांतून पिसाच्या ऐवजी बोरू होता, आणि फारसी दरबारी भाषेत लेखणी तासण्याच्या चाकूला कलमतराश असे नाव होते. बोरू तासणे हे साधे काम नव्हे. वेताच्या जाडीची ती काडी एका दमात तिरपी कापावयाची, आतला गाभा खरवडून काढावयाचा, टोकाला बारीक चीर द्यावयाची, आणि मग शेवटचा काप असा आडवा घ्यावयाचा की अक्षराची जाडी मनासारखी यावी. लिहिता लिहिता टोक झिजे आणि पुन्हा तासावे लागे. म्हणजे मोडीचा एक खलिता पुरा होईपर्यंत कारकुनाच्या हाती आळीपाळीने दोन वस्तू असत, एक बोरू आणि दुसरा चाकू. पाते बोथट असेल तर बोरू फाटे. बोरू फाटला की शाई पसरे. शाई पसरली की अक्षर बिघडे. सुंदर अक्षराचे श्रेय आपण हाताला देतो. त्यातला काही वाटा त्या लहानशा पात्यालाही द्यावयास हवा.

याच लेखणीच्या चाकूशी आपल्या मुंबईचा एक विलक्षण संबंध आहे. दक्षिण हिंदुस्थानात मुशीत तयार होणारे उत्तम पोलाद युरोपीयांना 'वूट्झ' या नावाने ठाऊक होते. मुंबईत राहणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. त्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी प्रयोग केले आणि १७९५ साली आपला निबंध सोसायटीपुढे ठेवला. निबंधाच्या मथळ्यात तर हे पोलाद मुंबईसच तयार होते असे त्यांनी लिहून टाकले! त्या प्रयोगांपैकी एक असा : अध्यक्षांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या चाकूवाल्याने त्या पोलादाचा एक तुकडा घडवून त्याचा लेखणीचा चाकू केला. पोलाद घडविण्यास फार कठीण गेले; परंतु धार अशी उतरली की उत्तमातल्या उत्तम विलायती चाकूच्या तोडीची. कित्येक कामांसाठी हे पोलाद आपल्या देशातील पोलादाहून सरस आहे, असा अभिप्राय स्टोडार्टने दिला. पुढे याच स्टोडार्टने मायकेल फॅरडे या लोहाराच्या मुलाला जोडीस घेऊन पोलादाच्या मिश्रधातूंवर संशोधन केले, आणि १८२० व १८२२ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. विजेच्या क्षेत्रात जगद्विख्यात झालेल्या त्या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातले हे चाकूचे प्रकरण फारसे कोणास ठाऊक नसते.

ज्या भट्ट्यांतून ते पोलाद निघे त्या एकोणिसाव्या शतकात विलायती मालापुढे विझत गेल्या. त्याच शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाक लाखांनी बाहेर पडू लागला आणि पीस व बोरू तासण्याची गरजच सरली. लेखणीचा चाकू नावापुरता उरला. एखाद्या वस्तूचे काम गेले की ती वस्तू तरी जाते, अथवा शोभेची तरी होते. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र जगाच्या तीन कोपऱ्यांत तीन साधे चाकू पुढे आले, आणि तिन्ही सर्वसामान्यांच्या खिशात जाऊन बसले.

पहिला फ्रान्समधील साव्हॉय प्रांतातला. आल्प्स पर्वताच्या कुशीत सेंट-झाँ-द-मोरिएन नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या एका वाडीत ओपिनेल घराण्याचे लोहारकाम चाले. कुऱ्हाडी, कोयते अशी शेतकऱ्यांची हत्यारे तेथे होत. त्या घरातील जोझेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या मुलाने १८९० साली एक घडीचा चाकू तयार केला. लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच, खाचेत बसणारे एक पाते, आणि दोहोंना जोडणारी एक खीळ. याहून त्यात काही नव्हते. १८९७ साली त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत १ ते १२ असे क्रमांक पाडले. १९०९ साली त्याने आशीर्वाद देणारा हात आणि वर मुकुट ही खूण घेतली. त्या गावाच्या राजचिन्हात तो हात आहे. पाते चुकून मिटून बोट कापू नये यासाठी १९५५ साली मुठीवर फिरणारे एक कडे बसविण्यात आले. इतक्या वर्षांत म्हणण्याजोगा बदल तो एवढाच. त्या डोंगरातला गुराखी त्याच चाकूने चीज कापी, काठी तासी, द्राक्षाची वेल छाटी. मूठ त्याच्या हाताच्या घामाने काळी पडे, आणि पाते धार लावता लावता अरुंद होत जाई.

दुसरा चाकू स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्झेनर याने १८८४ साली इबाख या गावी चाकूचा कारखाना काढला. काम नसल्याने त्या भागातील तरुण परदेशी जात. त्यांना घरी राहून पोट भरता यावे हा त्याचा हेतू होता. त्या वेळी स्विस सैन्याने नवी बंदूक घेतली होती. ती उलगडण्यास पेचकस लागे आणि शिध्याचे डबे उघडण्यास दुसरे हत्यार. म्हणून पाते, पेचकस, डबे उघडण्याचे साधन आणि आरी अशी चार अंगे असलेला शिपाईचाकू सैन्याने ठरविला. पहिले चाकू जर्मनीतील झोलिंगेन शहराहून आणावे लागले. एल्झेनरने स्वदेशातील कारागिरांचा संघ उभा केला आणि १८९१ साली आपला माल सैन्यास दिला. परंतु जर्मन माल स्वस्त पडे. संघातले इतर कारागीर मागे हटले, एल्झेनर कर्जात बुडाला, आणि आप्तांनी हात दिला म्हणून तगला. १८९७ सालच्या जून महिन्यात त्याने हलका असा 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदविला, ज्यात दुसरे लहान पाते व बुचाचा मळसूत्री काढणाही होता. हाच पुढे जगभर 'स्विस चाकू' म्हणून गाजला. १९१३ साली शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद शोधून काढले होते. १९२१ पासून ते या चाकूत आले. मग कात्री आली, करवत आली, भिंग आले, चिमटा आला, दातकोरणे आले. रोमन धनिकाची चांदीची वस्तू सतराशे वर्षांनी लाल मुठीत पुन्हा अवतरली, असेच म्हणा ना!

तिसरा चाकू जपानचा. १८७६ साली जपानी सरकारने सामुराईंना तलवार बाळगण्याची बंदी केली. तलवारी करणाऱ्यांचे काम बसले, पण हातातले कसब कोठे जाणार? त्या शतकाच्या अखेरच्या दशकात ह्योगो प्रांतातील मिकी या लोहारांच्या गावी एक अगदी साधा घडीचा चाकू होऊ लागला. पितळी अथवा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात एक पाते, आणि पात्याला मागे निघालेला एक छोटा दांडा. अंगठ्याने दांडा दाबून धरला की पाते उघडे राहते. त्यात कमानही नाही, खटकाही नाही. त्याचे नाव मात्र भारदस्त, 'हिगोनोकामी', म्हणजे 'हिगो प्रांताचा अधिपती'! हा चाकू जपानातील शाळकरी मुलांच्या खिशात गेला. पेन्सिल त्यानेच तासावयाची, बांबूची खेळणी त्यानेच करावयाची. एका पिढीने नव्हे, दोन-तीन पिढ्यांनी बोटे कापून घेत घेत हे हत्यार सांभाळण्याचे शिक्षण घेतले.

१९६० साली ऑक्टोबरच्या १२ तारखेस टोकियोमध्ये समाजवादी पुढारी इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत सतरा वर्षांच्या एका तरुणाने खून केला. हत्यार आखूड तलवारीचे होते. शाळकरी चाकूचा त्यात काही संबंध नव्हता. तथापि मुलांच्या हाती पाते देऊ नये अशी चळवळ देशभर उठली, पेन्सिलीला टोक करण्याची यंत्रे आली, आणि हिगोनोकामी दप्तरांतून हद्दपार झाला. जेथे तो घरोघरी होई त्या मिकी गावात आज तो करणारे हात बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. पुढे चार दशकांनी दुसऱ्या एका देशात असेच घडले. चार इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू खिशात घेऊन अमेरिकेत विमानात बसता येत असे. २००१ सालच्या सप्टेंबरच्या ११ तारखेनंतर ती मोकळीक गेली. प्रवासाला निघालेल्या मनुष्याने खिशातला चाकू घरी ठेवून जावे, ही आता जगाची रीत झाली आहे, आणि त्या बंदीचे कारणही कोणी सुज्ञ मनुष्य नाकारणार नाही. परंतु त्याबरोबर एक गोष्ट हळूच निसटली. खिशात चाकू असणे याचा अर्थ पूर्वी 'हा कामाचा मनुष्य आहे' असा होई. आता तो 'याच्या मनात काय आहे?' असा होऊ लागला.

आता आपल्या नेमाकडे वळू. येथे कोणी रास्त आक्षेप घेईल, की साव्हॉयच्या गुराख्यापाशी अथवा पेशव्यांच्या दप्तरातील कारकुनापाशी एकच चाकू होता तो नेम म्हणून नव्हे. दुसरा घेण्याची ऐपत अथवा गरज नव्हती म्हणून. ज्याच्या पेटीत पंचवीस आहेत त्याने चोवीस बाजूस ठेवावे आणि आपण गुराखी झालो असे मानावे, हा खेळ आहे. आक्षेप खरा आहे. दारिद्र्याला व्रताचे नाव देऊन त्याचे गोडवे गाणे मला मुळीच मान्य नाही. परंतु चातुर्मासात एकदा जेवणाराही उपाशी मनुष्य नसतो. तरी त्याला भुकेची काही ओळख होतेच. प्रश्न एवढाच, की एका चाकूच्या सोबतीने कशाची ओळख होते?

माझ्या एका स्नेह्यांनी असा नेम खरोखरच केला, आणि तोही ऐन पावसाळ्यात. त्यांचा चाकू साध्या पोलादाचा, न गंजणारा नव्हे. पहिल्या आठवड्यातच लिंबू कापून तसाच मिटला, तर पात्यावर काळा डाग उमटला. दुसऱ्या आठवड्यात मुंबईच्या दमट हवेने सांध्यात तांबूस गंज धरला. मग पाते प्रत्येक वेळी पुसणे आणि रात्री खोबरेलाचा एक थेंब देणे हे अंगवळणी पडले. तिसऱ्या आठवड्यात धार गेली. पूर्वी असे झाले की ते पेटीतून दुसरा चाकू घेत. आता दुसरा नव्हता, म्हणून निसणा घ्यावा लागला. "पंचवीस चाकू असताना मला धार लावता येत नव्हती, एक राहिला तेव्हा ती आली," असे ते मला म्हणाले. श्रोतेहो, या एका वाक्यात त्या नेमाचे सार आले आहे. विपुलता असली की बोथट वस्तू बाजूस सारता येते. एकच असली की तिला पुन्हा धार आणावी लागते, आणि धार आणता आणता तिचा स्वभाव कळतो. पोलाद कोठे मऊ आहे, पाते कोणत्या कोनात दगडावर धरावे, किती घासले म्हणजे पुरे.

धार लावणे हा तर एक स्वतंत्र इतिहासच आहे. आपल्याकडील शिकलगार हे एके काळी तलवारींना पाणी देत आणि त्यांना झिलई करीत. तलवारी गेल्या तसे ते सहाणेचे चाक घेऊन गल्लोगल्ली फिरू लागले, आणि घरातील विळ्या, सुऱ्या, कात्र्या त्यांच्यापुढे येऊ लागल्या. त्यांची हाक आणि चाकावरून उडणाऱ्या ठिणग्या आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. बोथट सुरी फेकून नवी आणणे सोपे झाले तेव्हा ती हाक विरळ झाली. मिकीच्या लोहारांवर आणि आपल्या शिकलगारांवर ओढवलेले संकट अखेर एकच आहे. जी वस्तू टिकवावयाची नसते तिला दुरुस्त करणारा कारागीर लागत नाही.

फ्रेंच लोकांत 'झानोचा चाकू' अशी एक म्हण आहे. झानोच्या चाकूचे पाते कित्येकदा बदलले, मूठही कित्येकदा बदलली, तरी तो म्हणे, हा माझा तोच जुना चाकू! ही म्हण थट्टेची आहे. तिच्यात थोडे सत्यही आहे असे मला वाटते. चाकू 'एक' असतो तो त्याच्या धातूमुळे नव्हे. तो एकाच मनुष्याच्या एकाच सवयीत गुंफलेला असतो म्हणून. माझ्या स्नेह्यांना कार्तिकी एकादशीच्या सुमारास आणखी एक गोष्ट आढळली. चाकू उघडताना पाहावे लागेनासे झाले होते. अंगठ्याला खाच कोठे आहे हे कळत होते, आंबट फळ कापले की पाते पुसलेच पाहिजे हे हातच लक्षात ठेवीत होता, आणि हे पाते पेरूला पुरे पण नारळाला नव्हे, हा विवेक आपोआप होत होता. वस्तूची मर्यादा कळणे ही तिच्या ओळखीची शेवटची पायरी होय. ज्याच्यापाशी प्रत्येक कामाला वेगळा चाकू आहे त्याला ती मर्यादा कधी भेटतच नाही.

चांदीच्या रोमन चाकूचा आणि हॉलस्टाटच्या हाडाच्या चाकूचा झगडा अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा असे मी म्हणणार नाही. डब्याचे झाकण उघडताना एल्झेनरची युक्ती उपयोगी पडते आणि फणस फोडताना आपली विळीच बरी. घरात दहा हत्यारे असावीत. ती असण्यात दोष नाही. परंतु आपल्या मुलाला बारा-तेरा वर्षांचे झाल्यावर एखादा लहानसा चाकू द्यावा की न द्यावा, याचा विचार करताना वरचा सगळा इतिहास आठवावा. दिलाच, तर एकच द्यावा. त्याबरोबर एक निसणा द्यावा, पुसण्यास एक फडके द्यावे, आणि पाते दुसऱ्याकडे करून कधी धरावयाचे नाही, देताना मूठ पुढे करावयाची, हे शेजारी बसून शिकवावे. पहिल्यांदा बोट कापेल. हळद लावून पुन्हा तासावयास बसवावे. पहिली पेन्सिल वेडीवाकडी तासली जाईल. चार महिन्यांनी ती कशी तासली जाते, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.